लाइट गेली की डेटाबेस भरतो: एआय एजंट जोडल्यावरचं परत परत येणारं दुखणं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. ॲप सकाळी नीट चालतं. दुपारी कधीतरी अचानक लॉगिन होत नाही, पावती छापली जात नाही, आणि लॉगमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसचा निरोप दिसतो: ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’. कधी त्याच्या जागी ‘रिमेनिंग कनेक्शन स्लॉट्स आर रिझर्व्ह्ड’ असं सुरू होणारं वाक्य असतं. दोन्हींचा अर्थ एकच: डेटाबेसला एका वेळी जितकी कनेक्शनं, म्हणजे जोडण्या, घेता येतात तितकी भरली. डेटाबेस रीस्टार्ट केला की सगळं सुरळीत. नाही केला तरी दोन-सव्वादोन तासांत आपोआप सुटतं. दोन दिवसांनी परत तेच. आणि हे सगळं एआय कोडिंग एजंट (कोड लिहिणारा आणि स्वतः कमांड चालवणारा एआय) डेटाबेसला जोडल्यापासून सुरू झालेलं असतं.

आम्ही जळगावात पाच जण मिळून सॉफ्टवेअरचं काम करतो. रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्यांसाठी वजनकाट्याचं आणि पावतीचं ॲप, आणि इथल्या दोन-तीन डाळ मिलसाठी मालसाठ्याचं ॲप, ही मुख्य कामं. केळीच्या ॲपचा सर्व्हर मुंबईत भाड्याने घेतलेला, त्यावर पोस्टग्रेस १५. आमच्यातले तिघं रोज एजंट वापरतात. कोड लिहायला तर वापरतातच, पण ‘काल या गाडीच्या पावतीत वजन दोनदा का चढलं’ असं विचारलं की एजंट स्वतः टेबल बघून उत्तर काढतो, त्यासाठी जास्त. हे जोडण्याची रीत आता बहुतेकांची एकच आहे: एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. अँथ्रॉपिकने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. एजंट आणि डेटाबेस यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसतो, त्याला एमसीपी सर्व्हर म्हणतात. एजंट त्याला क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, देतो, तो डेटाबेसला विचारून उत्तर आणून देतो. आमचा हा प्रोग्रॅम आम्हीच पायथॉनमध्ये लिहिला होता.

केळीच्या धंद्यात पावती अडली की काय होतं हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही, म्हणून सांगतो. घड एकदा कापला की त्याला थांबवता येत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर असतो. सकाळी कटाई झालेला माल दुपारी काट्यावर येतो, वजन होतं, पावती होते, गाडी भरते आणि संध्याकाळच्या आत उत्तरेच्या वाटेला लागते. काट्यावर पावती निघाली नाही की शेतकरी, हमाल, ड्रायव्हर सगळे उन्हात उभे, आणि मालही उन्हात. त्यामुळे ‘थोड्या वेळाने आपोआप सुटतं’ हे उत्तर मी सावद्याच्या कोणत्याच व्यापाऱ्याला देऊ शकत नव्हतो.

तरीही तीन आठवडे मी तेच केलं. फोन आला की रीस्टार्ट. ही माझी चूक. रीस्टार्टने पुरावा पुसला जातो. तुम्हाला हे दुखणं असेल तर पुढच्या वेळी रीस्टार्टच्या आधी दोन मिनिटं द्या आणि चालू कनेक्शनांची यादी फाइलमध्ये उतरवून घ्या. पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी नावाच्या व्ह्यूमध्ये (व्ह्यू म्हणजे साठवलेल्या क्वेरीतून टेबलासारखं दिसणारं दृश्य) ती असते. कनेक्शन भरलेली असतानाही सुपरयुजरला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरला, आत जाता येतं, कारण पोस्टग्रेस त्याच्यासाठी तीन जागा राखून ठेवतो. मॅक्स कनेक्शन्सचं मूळ मूल्य १०० असतं, त्यातल्या या तीन वजा जाता बाकी सगळ्यांना ९७ मिळतात.

यादीत काय दिसलं

त्या दिवशी दुपारी एक दहाला लाइट गेली, दोनच्या आत आली. दोन वाजून वीस मिनिटांनी सावद्याहून फोन: ‘भाऊ, पावती निघत नाही, काट्यावर पाच गाड्या लागल्यात.’ या वेळी मी हात आवरला आणि आधी यादी काढली. ९७ ओळी. सगळ्या एकाच युजरच्या नावावर, ॲपच्या. नावावरून काहीच कळेना. ॲप्लिकेशनच्या नावाचा रकाना जवळजवळ सगळीकडे रिकामा.

मग पत्त्याच्या रकान्यावर यादी लावली आणि तीन गट पडले. २० ओळी सर्व्हरच्या आतल्याच, म्हणजे खुद्द ॲपच्या. ३३ ओळी आमच्या ऑफिसच्या आयपी पत्त्यावरून. आणि ४४ ओळी आणखी एका पत्त्यावरून, जो मला ओळखू येईना. पहिला विचार आला की कोणीतरी बाहेरचा घुसला. शेजारी बसलेला अमळनेरचा मुलगा आपल्या सकाळच्या नोंदी चाळत होता, तो म्हणाला, ‘दादा, हाऊ आपलाच जुना पत्ता शे.’ लाइट जाऊन आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि कंपनीकडून नवा पत्ता मिळतो. सकाळी आमचा पत्ता तो होता. आता तो आमचा नव्हता, पण पोस्टग्रेसच्या लेखी त्या पत्त्यावर आमची ४४ कनेक्शनं अजून जिवंत होती. त्या ४४ ओळींतली शेवटच्या हालचालीची वेळ पाहिली. एकही एक दहाच्या पुढची नव्हती.

इथे दुखण्याची नस सापडली. टीसीपी म्हणजे इंटरनेटवर दोन यंत्रांना जोडणारी रीत. तिच्यातलं कनेक्शन दोन्ही बाजूंनी निरोप घेऊन बंद व्हावं लागतं. आमच्या बाजूने रस्ताच तुटला, त्यामुळे निरोप पोचला नाही. सर्व्हर शांतपणे वाट बघत बसतो. कनेक्शनवर काहीच हालचाल नसेल तर लिनक्स मूळ सेटिंगमध्ये ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास थांबतो, मग ‘आहेस का’ म्हणून ७५-७५ सेकंदांनी नऊ हाका मारतो, आणि उत्तर नाही आलं तरच कनेक्शन सोडतो. एकूण दोन तास ११ मिनिटं. ‘सव्वादोन तासांत आपोआप सुटतं’ याचं कोडं इथे उलगडलं. लाइटची आणि त्रासाची सांगड मला आधी का दिसली नाही? कारण त्रास लाइट गेल्यावर लगेच होत नव्हता. लाइट आल्यावर, सगळे परत कामाला लागल्यावर अर्ध्या तासाने होत होता.

आता हिशेब मांडा. तिघं जण, प्रत्येकाच्या साधारण तीन एजंट खिडक्या उघड्या. प्रत्येक खिडकी स्वतःचा वेगळा एमसीपी सर्व्हर सुरू करते. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्यांना वाटतं एमसीपी सर्व्हर म्हणजे कुठेतरी एकच बसलाय. लॅपटॉपवर स्थानिक पद्धतीने जोडलेला असेल तर तसं नसतं, जितक्या खिडक्या तितके प्रोग्रॅम. आमच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पाच कनेक्शनांचा पूल, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, होता, आणि एजंट एका दमात चार-पाच क्वेरी समांतर टाकतो म्हणून तो पूर्ण भरायचा. तीन गुणिले तीन गुणिले पाच, ४५. ॲपची २०. रोजचे ६५, म्हणजे काहीच अडचण नाही. लाइट जाऊन आली की अडकलेल्या खिडक्या आम्ही बंद करून नव्या उघडायचो. जुनी ४५ मेलेली पण मोजलेली, नवी ४५, आणि दुपारच्या गर्दीत ॲपला स्वतःला लागणारी तीस-पस्तीस. ९७ मध्ये हे बसत नाही. जो आधी आला त्याला जागा, आणि एजंट ॲपच्या आधी यायचे.

राउटर इन्व्हर्टरवर घ्या असं कोणीही सुचवेल. आम्ही घेतला. पण रस्त्यावरच्या फायबरच्या पेटीला लाइट नसेल तर घरातल्या राउटरच्या जिवंत असण्याचा उपयोग नाही. शिवाय लॅपटॉपचं झाकण मिटून घरी जाणारा माणूस हेच करतो, त्याला लाइट जायची गरज नाही.

त्याहून वाईट प्रकार: उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन

कनेक्शन भरणं निदान लॉगमध्ये दिसतं. याच मुळातून येणारा दुसरा प्रकार दिसत नाही, आणि त्याने आम्हाला एक पूर्ण दुपार अडकवलं.

पायथॉनच्या सायकोपीजी लायब्ररीत पहिली क्वेरी टाकली की ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा कामाचा गट) आपोआप उघडतं, मग ती नुसतं वाचणारी साधी सिलेक्ट का असेना. कमिट (पक्कं) किंवा रोलबॅक (रद्द) केलं नाही तर ते उघडंच राहतं. आमच्या एमसीपी प्रोग्रॅममध्ये मी क्वेरी चालवून निकाल परत देत होतो आणि तिथेच थांबत होतो. यादीत अशी ओळ ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ म्हणून दिसते. ती काही करत नसते, पण ज्या टेबलावर सिलेक्ट चालली त्यावरचं हलकं कुलूप तिच्या हातात असतं. त्या कुलपाने इतरांचं वाचणं-लिहिणं अडत नाही, म्हणून दिवसभर कोणाला काही जाणवत नाही.

मग एका दुपारी पावतीच्या टेबलात एक रकाना वाढवायचा होता. ऑल्टर टेबल टाकलं. त्याला टेबलाचा पूर्ण ताबा लागतो, तो मिळेना, कारण कोणाच्या तरी एजंटने दोन तासांपूर्वी त्या टेबलातल्या दहा ओळी बघितल्या होत्या आणि ट्रान्झॅक्शन उघडं होतं. ऑल्टर रांगेत उभं राहिलं. आणि पोस्टग्रेसची रांग खरोखरची रांग असते: पुढचा मोठा कुलूपवाला थांबला की त्याच्या मागून आलेला साधा वाचणाराही थांबतो. सावद्याची प्रत्येक पावती त्या ऑल्टरच्या मागे उभी राहिली. एकही क्वेरी चुकीची नव्हती, एकही एरर नव्हता, फक्त सगळं थिजलं.

अशा वेळी पीजी-ब्लॉकिंग-पिड्स हे फंक्शन वापरा. अडलेल्या प्रक्रियेचा नंबर दिला की तिला कोणी अडवलंय त्याचा नंबर ते देतं. एक सांभाळा: पावतीच्या क्वेरीबद्दल विचारलं तर ते ऑल्टरकडे बोट दाखवेल. ऑल्टरबद्दल विचारलं तर खरा धनी सापडेल. तो पीजी-टर्मिनेट-बॅकएंडने बंद केला की क्षणात सगळं वाहायला लागतं. आणि इथून पुढे टेबलात बदल करताना आधी लॉक टाइमआउट तीन-चार सेकंदांचा ठेवा. कुलूप नाही मिळालं तर ऑल्टर स्वतः मागे फिरेल, सगळ्यांना घेऊन अडकणार नाही. एजंटकडून मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट, लिहून घेत असाल तर ही ओळ त्यात आहे का ते स्वतः बघा.

काय बदललं

माझं ठाम मत झालंय की या सगळ्याचं मूळ लाइट नाही, टीसीपी नाही आणि पूलही नाही. मूळ हे की एजंट ॲपच्या नावाने आत येत होता. आम्ही त्याला वेगळं काही दिलंच नव्हतं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एन्व्ह फाइल होती, तीत ॲपचा युजर आणि पासवर्ड, तोच एजंटने उचलला. स्वतःचं नाव नाही म्हणून स्वतःची मर्यादा नाही, आणि यादीत बघणाऱ्याला ओळखूही येत नाही. गावात नवा माणूस कामाला आला तर आपण आधी विचारतो, कोणाकडचा? एजंटला हे विचारायची सोय डेटाबेसमध्ये पहिल्या दिवसापासून आहे, आपण ती वापरत नाही.

म्हणून एजंटसाठी वेगळा युजर केला. त्याला कनेक्शन लिमिट दिली १२. तेरावं कनेक्शन मागितलं तर एजंटलाच नकार मिळतो, ॲपच्या जागा तशाच राहतात. सगळ्यात मोठा फरक या एका गोष्टीने पडला. बाकी काही करायला वेळ नसेल तरी हे आज करा, पाच मिनिटांचं काम आहे.

त्याच युजरवर तीन वेळमर्यादा लावल्या. एक क्वेरी २० सेकंदांपेक्षा जास्त चालणार नाही. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून ३० सेकंद गप्प बसलं तर कनेक्शन तुटेल. आणि नुसतंच दहा मिनिटं रिकामं बसलं तरी तुटेल. यातली दुसरी सोय पोस्टग्रेस ९.६ पासून आहे, तिसरी १४ पासून. तिसरी पूर्ण सर्व्हरला लावू नका, नाहीतर ॲपच्या पूलमधली निवांत बसलेली कनेक्शनंही दहा मिनिटांनी तुटतील आणि नवंच दुखणं सुरू होईल. ऑल्टर रोल या कमांडने फक्त एजंटच्या युजरला लावा.

सर्व्हरवर टीसीपीच्या हाकाही लवकर मारायला लावल्या: ६० सेकंद शांतता झाली की पहिली हाक, मग दहा-दहा सेकंदांनी सहा. म्हणजे मेलेलं कनेक्शन साधारण दोन मिनिटांत सुटतं. हे मात्र सगळ्यांनाच लावलं तरी चालतं, जिवंत कनेक्शनला त्याचा काही त्रास नाही.

एमसीपी प्रोग्रॅममध्ये पूल पाचवरून एकवर आणला आणि ऑटोकमिट चालू केलं, म्हणजे क्वेरी संपली की ट्रान्झॅक्शनही आपोआप बंद. एजंटच्या समांतर क्वेरी आता एकामागोमाग चालतात. तिघांपैकी कोणालाच वेगात फरक जाणवला नाही, कारण खरा वेळ एजंटच्या विचारात जातो, क्वेरीत नाही. आणि कनेक्शन उघडताना ॲप्लिकेशनच्या नावात माणसाचं नाव टाकायला लावलं. आता यादी बघितली की कोणाच्या कोणत्या खिडकीने काय धरून ठेवलंय ते समोर दिसतं.

पीजी-बाउन्सर, म्हणजे मध्ये बसून थोडी कनेक्शनं अनेकांना वाटून देणारा प्रोग्रॅम, बसवायचा सल्लाही मिळाला. चांगलं साधन आहे, पण या दुखण्यावर ते पहिलं औषध नव्हे. ट्रान्झॅक्शन पद्धतीने चालवला तर सेशनवर केलेलं सेटिंग टिकत नाही, आणि १.२१ आवृत्तीच्या आधीच्यांना त्या पद्धतीत प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरी) चालत नसत. मुळात ट्रान्झॅक्शन उघडं ठेवणारा प्रोग्रॅम पीजी-बाउन्सरच्या मागे बसला तरी कनेक्शन धरूनच ठेवतो. आधी प्रोग्रॅम सुधारा.

फक्त वाचण्याचा अधिकार, पण खरा

एजंटला उत्पादनाच्या, म्हणजे ग्राहक रोज वापरतात त्या खऱ्या, डेटाबेसवर लिहू द्यायचं नाही, यावर आमच्यात वाद नव्हता. कसं, यावर होता. युजरला ‘डिफॉल्ट ट्रान्झॅक्शन रीड ओन्ली’ लावलं की झालं, असं एकाचं म्हणणं. तसं होत नाही. हे सेटिंग तोच युजर एका सेट कमांडने स्वतःच बंद करू शकतो. वर सांगितलेल्या वेळमर्यादांचंही तेच, त्या सवय लावायला आहेत, अडवायला नाहीत. कनेक्शन लिमिट आणि ग्रँटने दिलेले अधिकार, हे दोनच त्याच्या हाताबाहेरचे.

प्रोग्रॅमच्या आत ‘बिगिन, रीड ओन्ली’ लिहून मधे एजंटची क्वेरी चालवायची, ही युक्तीही फसवी आहे. एमसीपीच्या सुरुवातीच्या नमुना सर्व्हरांत पोस्टग्रेससाठी जो होता, त्यात नेमकं हेच भोक सापडलं. क्वेरीच्या सुरुवातीला कमिट आणि अर्धविराम टाकला की राखणीचं ट्रान्झॅक्शन तिथेच संपतं आणि पुढची ड्रॉप, म्हणजे टेबल उडवणारी कमांड, मोकळेपणी चालते. तो नमुना पुढे २०२५ मध्ये अर्काइव्ह केला गेला, म्हणजे त्याची देखभाल थांबली, पण त्याच्या प्रती अजून अनेकांच्या लॅपटॉपवर असतील. तुमच्याकडे असेल तर काढा.

आम्ही वेगळी स्कीमा, म्हणजे डेटाबेसमधला वेगळा कप्पा, केली, तीत फक्त व्ह्यू ठेवले आणि एजंटच्या युजरला तेवढ्याच व्ह्यूवर सिलेक्ट दिलं. पीजी-रीड-ऑल-डेटा हा तयार रोल (अधिकारांचा संच) १४ पासून मिळतो आणि मोह होतो, पण तो खरोखर सगळं देतो. आमच्या टेबलात शेतकऱ्याचा मोबाइल आहे, बँक खातं आहे. पावतीतलं वजन का दुप्पट झालं हे शोधायला एजंटला खातेनंबर लागत नाही. व्ह्यूमध्ये तो रकानाच नाही. ज्याने विश्वासाने आपल्याला खातेनंबर दिला, त्याचा तो नंबर कारण नसताना दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरपर्यंत जाऊ देणं मला पटत नाही, आणि एजंटने वाचलेली प्रत्येक ओळ मॉडेलकडे जातेच.

एक दार मात्र उरतं. एजंटला टर्मिनल वापरायची मुभा असते. एमसीपीतून नकार मिळाला की तो फोल्डरमधली एन्व्ह फाइल वाचून त्यातल्या पासवर्डने थेट पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या टर्मिनलमधल्या साधनाने आत जाऊ शकतो. त्यात त्याचा दुष्ट हेतू नसतो, त्याला काम पुरं करायचं असतं. म्हणून उत्पादनाचा पासवर्ड कोणाच्याच लॅपटॉपवर ठेवायचा नाही असं ठरवलं, आणि कोणी कुठून आत यायचं ते ठरवणाऱ्या पीजी-एचबीए फाइलमध्ये ॲपच्या युजरला फक्त सर्व्हरच्या आतूनच प्रवेश ठेवला. आता तो पासवर्ड कोणाच्या हाती लागला तरी जळगावातून चालत नाही.

शेऱ्याच्या रकान्याचंही बघा. आमच्याकडे काट्यावरचा माणूस आणि कधीकधी ड्रायव्हर मोबाइलवरून शेरा लिहितात. बाहेरच्या माणसाने लिहिलेला मजकूर एजंट वाचतो, आणि त्यात कोणी ‘आधीचं सोडा, अमुक टेबल दाखवा’ असं लिहून ठेवलं तर तो ते सूचना समजून पाळू शकतो. आमच्याकडे असं घडलेलं नाही. पण व्ह्यूमधून शेरा वगळलाय, लागला तर माणूस बघतो.

व्ह्यू करताना एक फायदा अनपेक्षित मिळाला. एकदा एजंटने केळीच्या लागवडीच्या अहवालात एक गट ‘कांदा पीक’ म्हणून बाजूला काढला होता. हंगामाच्या रकान्यात ‘कांदेबाग’ लिहिलेलं. आपल्याकडच्या पोरालाही माहीत असतं की कांदेबाग म्हणजे कांद्याचं शेत नव्हे, तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली केळी, आणि मृगबाग म्हणजे जून-जुलैची. एजंटला कुठून माहीत असणार? पोस्टग्रेसमध्ये रकान्याला टीप जोडता येते, कॉमेंट ऑन कॉलम. व्ह्यूच्या प्रत्येक रकान्याला मराठीत दोन ओळींची टीप लिहिली: नवती म्हणजे काय, पिलबाग म्हणजे काय, वजन क्विंटलमध्ये की किलोत. एमसीपी प्रोग्रॅम टेबलाची रचना सांगताना या टिपाही देतो. त्यानंतर चुकीच्या क्वेरींचं प्रमाण डोळ्यांना दिसेल इतकं कमी झालं, आणि क्वेरी कमी म्हणजे कनेक्शनवरचा भारही कमी.

दिसायला असंच, पण वेगळं

एजंट सुरुवातीलाच जोडला जात नसेल तर वरचं काही लागू नाही, कारणं साधी असतात. एमसीपी प्रोग्रॅम डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या बंद डब्यात, असेल आणि पत्त्यात लोकलहोस्ट (‘हेच यंत्र’) असेल तर तो कंटेनर स्वतःलाच शोधतो, बाहेरच्या यंत्रावरचा डेटाबेस नाही. पासवर्डमध्ये ॲट चिन्ह असेल आणि तो यूआरएलमध्ये लिहिला असेल तर त्याच्या जागी टक्केचिन्ह आणि ४० लिहावं लागतं, नाहीतर पासवर्ड अर्ध्यात तुटतो. एजंट जोडला जाऊन लगेच तुटत असेल तर तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी प्रिंट राहिलंय का ते शोधा. स्थानिक एमसीपीत संवाद स्टँडर्ड आउटपुटमधून चालतो, तिथे तुमची एक ओळ मिसळली तरी तो बिघडतो. लॉग स्टँडर्ड एररकडे पाठवा. आणि टर्मिनलमधून चालतं, खिडकीतून उघडल्यावर चालत नाही, असं असेल तर पाथचा प्रश्न, म्हणजे प्रोग्रॅम कुठे ठेवलाय ते खिडकीला कळत नाही. प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहा.

हे सगळं लावल्यावरही एजंटला रोजच्या कामात उत्पादनावर जाऊ देत नाही. रात्री दोनला डेटाबेसची प्रत निघते, नावं-नंबर बदलून ऑफिसमधल्या यंत्रावर बसते, नव्वद टक्के काम तिच्यावर होतं. आजच दुपारी झालेल्या पावतीचा घोळ शोधायचा असेल तेव्हाच वरचा वेगळा युजर. प्रत असल्यावर बाकी कशाला, असं म्हणणारे भेटतात. पण काट्यावर गाडी उभी असते तेव्हा कालच्या प्रतीत तिची पावती नसते.

जूनमध्ये पहिल्या वादळाच्या दिवशी लाइट चार वेळा गेली. प्रत्येक वेळी यादी उघडून बसलो होतो. जुन्या पत्त्यावरच्या ओळी दोन मिनिटांत गळून पडत होत्या, एजंटची कनेक्शनं नऊच्या वर गेली नाहीत, आणि सावद्याचा फोन आला तो दुसऱ्याच कामाचा होता.

डाळ मिलच्या सर्व्हरवर अजून पोस्टग्रेस १२ आहे. तिथे रिकाम्या कनेक्शनची वेळमर्यादा मिळत नाही, म्हणून दर पाच मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट चालते. एजंटच्या युजरची दहा मिनिटांहून जास्त निवांत असलेली कनेक्शनं ती बंद करते, दुसऱ्या कोणाला हात लावत नाही. त्या आवृत्तीचे सुधार नोव्हेंबर २०२४ पासून थांबलेत, तेव्हा ती बदलायचीच आहे. मिलचा हंगाम उतरला की एका रविवारी ते काम धरलंय.